पाहुणा राहिला, घरधनी गेला!

इटलीतील व्हेनिस शहरात सान बार्तोलोमेओ नावाचा एक चौक आहे. त्या चौकातील एका औषधाच्या दुकानाच्या काचेत 2008 सालापासून एक आकडा झळकत असतो. तो कोणत्या औषधाच्या किमतीचा नाही, की सोडतीच्या तिकिटाचाही नाही. शहराच्या जुन्या भागात अद्याप किती माणसे राहत आहेत, हे तो आकडा सांगतो. रोग्याच्या उशाशी तापाचा तक्ता टांगावा, तसा तो तेथे टांगलेला आहे. आणि रोग्याची प्रकृती काही सुधारत नाही. 1951 साली ह्या बेटांवर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे नांदत होती. ऑगस्ट 2022 मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली घसरला. पुढच्याच वर्षी तेथील रहिवाशांच्या एका गटाने हिशेब मांडला, तेव्हा शहरात पर्यटकांसाठी मांडलेल्या खाटा शहरात राहणाऱ्या माणसांहून अधिक भरल्या! व्हेनिस समुद्रात बुडत आहे, असे आम्ही लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते. समुद्रात ते बुडेल तेव्हा बुडेल. पाहुण्यांच्या लोंढ्यात मात्र ते आमच्या डोळ्यांदेखत बुडाले.

ही गळती पुष्कळ जुनी आहे हे आम्ही जाणतो. महापूर, महागाई आणि जवळच्या मेस्त्रे गावातील कारखान्यांची ओढ ह्यांनी व्हेनिसकराला पूर्वीच घराबाहेर काढले होते. परंतु जो गेला त्याच्या जागी दुसरा रहिवासी येण्याची वाट तरी तोपर्यंत मोकळी होती. ती वाट बंद झाली ती गेल्या पंधरा-सोळा वर्षांत. रिकामे झालेले घर भाडेकरूला देण्यापेक्षा रात्रीच्या हिशेबाने प्रवाशाला देणे अधिक फायद्याचे आहे, हे ज्या दिवशी घरमालकाच्या हातातील फोनने त्याला पटवून दिले, त्या दिवशी त्या शहराचे भवितव्य ठरून गेले.

हवेच्या गादीचा प्रताप

ह्या फोनमागे कोण आहे? त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. ऑक्टोबर 2007 मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को शहरात ब्रायन चेस्की आणि जो गेबिया ह्या दोन तरुणांना घरभाडे भरण्याची विवंचना पडली. गावात एक परिषद भरली होती आणि हॉटेले तुडुंब होती. तेव्हा ह्या दोघांनी आपल्या बिऱ्हाडात हवा भरलेल्या तीन गाद्या अंथरल्या आणि तीन पाहुण्यांना रात्रीचे ऐंशी डॉलर घेऊन आश्रय दिला. सकाळी न्याहारीही घातली. त्यातूनच पुढे ‘एअरबीएनबी’ ही कंपनी जन्माला आली. डिसेंबर 2020 मध्ये तिचे भाग बाजारात विक्रीला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिचे मूल्य शंभर अब्ज डॉलरांच्या घरात गेले. तीन फुगवलेल्या गाद्यांचा एवढा मोठा फुगा जगाने पूर्वी कधी पाहिला नव्हता!

ह्या कथेतील मर्म एकच आहे. घरभाडे परवडत नव्हते म्हणून ज्या तरुणांनी ही युक्ती काढली, त्याच युक्तीने पुढे जगातील कित्येक शहरांत लाखो तरुणांचे घरभाडे आवाक्याबाहेर नेऊन ठेवले. दैवाचा ह्याहून मोठा उपहास कोणता असेल?

आरंभीची कल्पना निर्दोष होती, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. घरातली एक खोली रिकामी आहे, मुले परगावी गेली आहेत, येणाऱ्या प्रवाशाला ती द्यावी, चार पैसे मिळवावेत आणि चार गप्पाही माराव्यात, ह्यात वावगे ते काय? आमच्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना ह्याहून वेगळी काय सांगते? परंतु खोली आणि घर ह्यांत फरक आहे. आणि एक घर व चाळीस घरे ह्यांत तर त्याहून मोठा फरक आहे. ज्या घरात यजमानच राहत नाही, त्या घरात पाहुणा जातो असे म्हणणे हाच मुळी भाषेचा दुरुपयोग आहे. तेथे यजमान असतो कुलपाचा सांकेतिक आकडा! तो पाहुण्याच्या फोनवर येतो. पाहुणा त्याने दार उघडतो, दोन रात्री राहतो आणि निघून जातो. त्या जिन्यात कोण राहते, कोण आजारी आहे, कोणाच्या मुलाची परीक्षा आहे, ह्याचा त्याला पत्ता नसतो आणि असण्याचे कारणही नसते.

बार्सिलोनाचा धडा

ह्या व्याधीचे निदान आणि तिच्यावरील उपचार ज्या शहराने सर्वांत हिंमतीने केले, ते स्पेनमधील बार्सिलोना होय. 1992 च्या ऑलिंपिकनंतर ह्या बंदराच्या शहराकडे जगाची दृष्टी वळली. शहराची वस्ती सोळा-सतरा लाखांची आणि येणारे प्रवासी तिच्या कित्येक पट! ऑगस्ट 2014 मध्ये बार्सेलोनेता ह्या जुन्या कोळीवाड्यातील लोक रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्या चिंचोळ्या गल्ल्यांत रात्रभर चालणारा मद्यपी प्रवाशांचा धिंगाणा त्यांना असह्य झाला होता. जुलै 2024 मध्ये निदर्शकांनी उपाहारगृहांबाहेर बसलेल्या प्रवाशांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती छायाचित्रे चवीने छापली. पिचकारी मारणे हे सभ्यपणाचे लक्षण नव्हे. आणि ज्याने पैसे मोजून खोली घेतली त्या बिचाऱ्या प्रवाशाचा अपराध तरी काय? परंतु ज्याचे घर गेले आहे त्याच्या हातात शेवटी पिचकारीच उरते, हेही विसरून चालणार नाही.

त्याआधीच, जून 2024 मध्ये, महापौर जाउमे कोलबोनी ह्यांनी जाहीर केले होते की, शहरातील 10,101 पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपुष्टात आणले जातील. एकाचेही नूतनीकरण होणार नाही. दहा वर्षांत शहरातील भाडी शेकडा 68 ने आणि घरांच्या किमती शेकडा 38 ने चढल्या, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. ज्या कॅटलन कायद्याच्या आधारे हे पाऊल उचलले गेले, त्याला दिलेले आव्हान स्पेनच्या घटना न्यायालयाने मार्च 2025 मध्ये फेटाळले. मे 2025 मध्ये स्पेनच्या ग्राहक-व्यवहार मंत्रालयाने एअरबीएनबीला पासष्ट हजारांहून अधिक जाहिराती काढून टाकण्यास फर्मावले. कारण बहुतेकांवर परवान्याचा क्रमांकच नव्हता.

आता येथे न्यायाने बोलले पाहिजे. शेकडा 68 ची ही सारी वाढ ॲपांच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. बार्सिलोनातील भाड्यांचा शास्त्रीय अभ्यास 2020 साली अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, एअरबीएनबीमुळे सरासरी वस्तीतील भाडे शेकडा 1.9 नेच वाढले. परंतु जेथे अशा सदनिकांची दाटी आहे त्या वस्त्यांत ते शेकडा 7 ने वाढले. म्हणजे घरटंचाईचे मूळ अन्यत्र आहे: पुरेशी घरे न बांधण्यात, पैसा घरांत दडवून ठेवण्यात. न्यूयॉर्कने सप्टेंबर 2023 पासून असा नियम केला की, तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर यजमानाने नोंदणी केली पाहिजे, पाहुणे दोनच असले पाहिजेत आणि यजमानाने स्वतः घरात राहिले पाहिजे. हजारो जाहिराती एका झटक्यात नाहीशा झाल्या. परंतु भाडी काही उतरली नाहीत. तेव्हा ॲपांना फटके मारले की सर्वांना घरे मिळतील, अशी भाबडी आशा आम्ही वाचकांना दाखवणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, आगीला कारण दुसरे असले तरी तिच्यावर तेल ओतणाऱ्याला मोकळे सोडता येत नाही. आणि हे तेल सगळ्या शहरावर सारखे पडत नाही. जी जुनी, जिवंत, मनमिळाऊ वस्ती असते, तिच्यावरच ते नेमके पडते. कारण प्रवाशाला हवी असते ती तीच!

मांडवीच्या काठी

हे सारे सात समुद्रांपलीकडचे आहे, असे समजून जे वाचक ह्या ठिकाणी पान उलटू पाहत असतील, त्यांना आमची विनंती आहे की त्यांनी क्षणभर थांबावे. आम्ही आता त्यांच्याच दारात येत आहोत.

गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. 2011 च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या थोडी वर. आणि 2024 ह्या एका वर्षात तेथे आलेले प्रवासी एक कोटीहून अधिक! त्यांतील परदेशी पाच लाखही नव्हते. म्हणजे हा लोंढा लंडन-मॉस्कोचा नव्हे. तो मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर आणि हैदराबादचा आहे. तो आमचा आहे.

पूर्वी प्रवासी कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर उतरत असे. गाव आपल्या जागी राहत असे. आता ॲपाने गावाचाच माल केला. आसगाव, शिवोली, साळगाव, हळदोणे ही बार्देशातील गावे. मातीच्या रंगाची कौले, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, पुढे बलकांव आणि मागे माड-फणस. 2020 च्या महामारीनंतर घरबसल्या काम करण्याची सोय झाली आणि ह्या गावांवर महानगरांतील पैशांचा पाऊस पडू लागला. जुनी घरे विकली गेली, डोंगरउतारावर तरणतलावांसह बंगले उभे राहिले, आणि त्यांतील पुष्कळ बंगले रात्रीच्या भाड्याने ॲपांवर चढले. त्याच गावात जन्मलेल्या शिक्षकाला वा परिचारिकेला वर्षाच्या कराराने दोन खोल्या मिळणे मात्र दुरापास्त झाले. बंगल्यातील तलाव टँकरच्या पाण्याने भरतो आणि शेजारच्या घरात नळाला पाणी येत नाही. मग ग्रामसभेत आवाज चढतो. तो आवाज आम्हांला आगंतुकांविषयीचा द्वेष वाटत नाही. ते त्या गावाचे आक्रंदन आहे.

गोव्याला ‘गाव’ म्हणजे काय हे कोणी शिकवण्याची गरज नाही. तेथे ‘गावकरी’ ही सामाईक जमिनीची आणि सामाईक कारभाराची संस्था पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. 1526 साली पोर्तुगीजांनाही तिच्या रिवाजांची लेखी नोंद करून ते मान्य करावे लागले. बांध कोणी राखायचा, खाजणाचे पाणी कधी सोडायचे, हे सारे मिळून ठरवणारी ती माणसे! ज्या गावातील निम्मी घरे कुलूपबंद आणि उरलेली निम्मी शनिवार-रविवारपुरती भरलेली, त्या गावात बांध फुटला तर धावून कोण जाणार? फोनवर आलेला सांकेतिक आकडा काही फावडे हातात घेत नाही!

टॅक्सीचा तंटा

ह्या प्रश्नाची दुसरी बाजूही गोव्यातच पाहावयास मिळते. ऑगस्ट 2018 मध्ये सरकारच्या पर्यटन महामंडळाच्या पाठिंब्याने ‘गोवामाइल्स’ ही ॲपवरील टॅक्सीसेवा सुरू झाली, आणि स्थानिक टॅक्सीवाल्यांनी तिच्याविरुद्ध जे रणशिंग फुंकले ते अद्याप शांत झालेले नाही. 2025 साली सरकारने ॲप-टॅक्सींसाठी नियमांचा मसुदा काढला, तेव्हाही तेच घडले. प्रवाशांची तक्रार अशी की, टॅक्सीवाले तोंडाला येईल ते भाडे सांगतात आणि मीटर लावीत नाहीत. टॅक्सीवाल्यांची तक्रार अशी की, कर्ज काढून गाडी आमची, पेट्रोल आमचे, उन्हातान्हात ताटकळणे आमचे, आणि भाडे ठरवणार दूर बसलेला कोणी तिसराच!

आमच्या मते दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. स्थानिक माणसाच्या हाती मक्तेदारी आली म्हणजे ती पवित्र होते, असे आम्ही मानीत नाही. नाडलेला प्रवासी पुन्हा येत नाही, आणि तो आला नाही की गावाचेच पोट मारले जाते. परंतु एका मक्तेदारीवर उपाय म्हणून दुसरी आणि तिच्याहून बलाढ्य मक्तेदारी आणणे, हा शहाणपणाही आम्हांला मान्य नाही. महाराष्ट्राने 2016 साली भाजीपाल्याच्या बाजारात शेतकऱ्याकडून अडत घ्यायची नाही, असा निर्णय केला, कारण ज्याने पिकवले त्यानेच दलाली भरावी हे अन्यायाचे होते. पर्यटनाच्या बाजारातील हा नवा अडत्या मात्र खोलीच्या भाड्यातून शेकडा पंधरा-वीस, कधी त्याहूनही अधिक कापून घेतो, आणि त्याच्या पेढीचा पत्ताही गावकऱ्याला ठाऊक नसतो. एवढेच नव्हे, तर ‘आमच्या ॲपावरील दरापेक्षा कमी दराने तू स्वतःही खोली विकता कामा नये,’ अशी अट तो हॉटेलवाल्यावर घालतो. अशा अटींबद्दल आणि इतर गैरप्रकारांबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो ह्या कंपनीला 223 कोटी 48 लाखांचा, आणि तिच्याशी संगनमत केल्याबद्दल ओयोला 168 कोटी 88 लाखांचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. परंतु स्वतःच्या घराची किंमत स्वतः ठरवण्याचा हक्क मागण्यासाठी छोट्या माणसाला आयोगाच्या दारात उभे राहावे लागते, हे चित्र पुरेसे बोलके आहे.

ॲप नको, की अंकुश हवा?

मग ही ॲपे बंद करावीत काय? मुळीच नाही! तारकर्लीच्या वाळूत दोन खोल्या बांधून प्रवाशाला सोलकढी-भात वाढणाऱ्या कुटुंबाला पूर्वी मुंबईच्या प्रवास-कचेऱ्यांत कोणी उभे करीत नसे. आज त्याची खोली ठाण्यात बसलेल्या माणसाला फोनवर दिसते आणि मधला एजंट त्याला दबवू शकत नाही. 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गात जी काही पर्यटनाची कमाई सामान्य घरापर्यंत पोहोचली, तिच्यात ह्या फोनचाही वाटा आहे. यंत्र वाईट नसते. त्याची दोरी कोणाच्या हातात आहे, हाच खरा प्रश्न असतो.

ती दोरी गावाच्या हातात दिली तर काय होते, ह्याचे उदाहरण पाहण्यासाठी बार्सिलोनाला जाण्याचे कारण नाही. साताऱ्याजवळचे कासचे पठार पाहा! 2012 साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा ठरले आणि फुलांपेक्षा मोटारी अधिक दिसू लागल्या. तेव्हा वन विभाग आणि आसपासच्या गावांची समिती ह्यांनी दिवसाला सुमारे तीन हजारांची मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी ऑनलाइन ठेवली, शुल्क लावले आणि त्यातून गावच्या तरुणांना वाटाडे व रखवालदार म्हणून काम दिले. व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. हंगामात रस्ते अजूनही तुंबतात. परंतु तेथे संगणक ‘आणखी या’ एवढेच म्हणत नाही, तो ‘आता पुरे’ असेही म्हणतो. जगातील बड्या ॲपांना नेमके हेच दोन शब्द येत नाहीत!

तेव्हा महाराष्ट्र आणि गोवा ह्या दोन्ही सरकारांकडे आमच्या चार मागण्या आहेत. पहिली, नोंदणीक्रमांकाशिवाय एकही घर ॲपावर दिसता कामा नये, आणि दिसले तर दंड ॲपाला व्हावा. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा 1982 पासून आहे. त्याला दात बसवावेत. दुसरी, ज्या घरात यजमान स्वतः राहतो ते घर आणि ज्यात तो कधीच राहत नाही ते घर ह्यांत कायद्याने भेद करावा. पहिल्याला सवलत द्यावी. दुसऱ्याला रात्रींची मर्यादा घालावी. ॲमस्टरडॅमने 2019 पासून ती तीस रात्रींची केली. पॅरिसने 2025 पासून नव्वद रात्रींपर्यंत खाली आणण्याची मुभा घेतली. तिसरी, कोणत्या गावात किती घरे, किती रात्री भाड्याने गेली ही माहिती कंपन्यांनी ग्रामपंचायतीला द्यावी. युरोपीय संघाने 2024 साली अशी सक्ती करणारा नियम केला आणि 20 मे 2026 ही त्याच्या अंमलाची तारीख ठरवली. युरोपला जे मिळते ते आसगावला का मिळू नये? चौथी, प्रत्येक रात्रीमागे एक लहानसा कर थेट पंचायतीच्या तिजोरीत पडावा. कारण कचरा तीच उचलते, पाणी तीच पुरवते आणि दिवे तीच लावते.

परंतु सरकारकडे बोट दाखवले की आपले काम संपले, असे समजणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आमचा वाचक हा सुशिक्षित मध्यमवर्गीय आहे. गिरगाव-दादरची चाळ सुटून डोंबिवली-विरारला जाणे म्हणजे काय, हे त्याच्या घरातील वडीलधाऱ्यांनी भोगलेले आहे. खोली गेली तेव्हा नुसती खोली गेली नाही. शेजार गेला, गणपतीचा मंडप गेला, कट्टा गेला, हे तो अजून हळहळून सांगतो. आणि तोच वाचक आज कोकणात वा गोव्यात ‘गुंतवणूक’ म्हणून दुसरे घर घेतो, ते वर्षाचे अकरा महिने ॲपावर टाकतो, आणि त्या गावातल्या मुलावर तीच पाळी आणतो! हे तो दुष्टपणाने करतो असे आम्ही म्हणत नाही. पडद्यावर त्याला फक्त आकडा दिसतो; त्या आकड्यामागचा माणूस त्याला कोणी दाखवीत नाही. तो माणूस दाखवणे हे वृत्तपत्राचे काम आहे, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

‘अतिथी देवो भव’ हे वचन आपण पर्यटनाच्या प्रत्येक जाहिरातीवर छापतो. ते सांगणाऱ्या ऋषींनी एक गोष्ट गृहीत धरली होती: अतिथीचे स्वागत करावयास दारात गृहस्थ उभा असेल! गृहस्थच नाहीसा झाला, तर अतिथीला देव कोणी मानायचे? व्हेनिसच्या औषधविक्याने आपल्या काचेत शहराचा ताप लावून ठेवला आहे. आमच्या गावांवर तसा तक्ता टांगण्याची वेळ येण्यापूर्वीच औषध घेतलेले बरे!